ताप उतरला, मग शाळेत पाठवू का? फ्लूबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर पहिल्या पाचात फ्लू, पुढच्या पाचातही फ्लूच. आयांची पत्रं, शिक्षकांची पत्रं, एका मुख्याध्यापकांचं, एका स्कूल बसवरच्या ताईंचं आणि एक तर चक्क सातवीतल्या मुलाचं. मी लहान मुलांची डॉक्टर, दिवसभर खोकला ऐकतच असते, आता घरी आल्यावर वाचायला पण खोकलाच. असो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम काढून टाकलीत.

प्रश्न: माझी मुलगी दुसरीत आहे. परवा रात्री अंग जरा कोमट लागत होतं, सकाळी १०१ ताप निघाला, मी पॅरॅसिटामॉल दिलं आणि अर्ध्या तासात मॅडम टवटवीत, म्हणून शाळेत पाठवलं. माझी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग होती हे पण खरंय, लपवत नाही. अकराला टीचरचा फोन, ताप १०२, लगेच घेऊन जा. त्या ज्या आवाजात बोलल्या तो आवाज अजून कानातून जात नाहीये. मी एवढं चुकीचं केलं का? आणि आता परत कधी पाठवू?
— एक आई

उत्तर: चुकलं, पण अहो, या चुकीत तुमच्यासोबत भली मोठी रांग आहे आणि त्या रांगेत मी पण आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत मी डॉक्टर असून हेच केलंय, दवाखान्यात पेशंट येऊन बसलेले, मुलगा म्हणतो बरं वाटतंय, मी पण म्हटलं वाटत असेल बरं. त्याच आठवड्यात त्याच्या बाकावरचे दोघं पडले आणि त्यातल्या एकाला त्याची आई तपासायला माझ्याकडेच घेऊन आली. काय बोलणार तिला!

आता नेमकं काय झालं ते सांगते. औषधाने ताप उतरतो, व्हायरस नाही उतरत. पॅरॅसिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, म्हणजे सकाळी सातला दिलेलं औषध अकराच्या सुमाराला संपतं, शाळांचे फोन अकरालाच का येतात याचं उत्तर हे. आणि मधल्या चार तासांत मूल हसतं, खेळतं, शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगतं, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात जास्त पसरवायचे असतात, कारण फ्लूमध्ये पहिले तीन-चार दिवस व्हायरस सगळ्यात जास्त बाहेर पडतो. अंगात ताप मुरून पडलेलं मूल एकवेळ कमी पसरवेल हो, ते एका कोपऱ्यात पडून असतं, औषधाने तरतरीत झालेलं मूल वर्गभर फिरतं.

आता थोडा दिलासा पण देते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात, बहुतेकदा २. आणि लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्यांना फ्लू देऊ शकतं. म्हणजे परवा शाळेत ती ज्यांच्यासोबत खेळली त्यातल्या कुणाला लागण झाली असेल तर ते तुम्ही टाळू शकला नसतात, कुणीच टाळू शकलं नसतं. सकाळचा १०१ मात्र तुमच्या हातात होता.

परत कधी पाठवायचं, तर तापाचं कुठलंही औषध न देता पूर्ण २४ तास ताप नको. हे "औषध न देता" लोक सोयीस्कर विसरतात म्हणून परत लिहिते, औषध न देता. सोबत ती नीट खातपीत असावी, खेळायला उठत असावी. बारीक खोकला मागे राहतो, कधीकधी दोन आठवडे, तेवढ्यासाठी घरी बसवू नका. मोठी माणसं साधारण ५ ते ७ दिवस व्हायरस सोडतात, लहान मुलं कधीकधी १० दिवस किंवा जास्त, पण तेवढे दिवस घरी ठेवणं कुणालाच जमणार नाही, ताप जाऊन एक दिवस झाला की जोर बराच कमी झालेला असतो, म्हणून तो नियम.

आणि एक राहिलं. पत्रात बाबांचा उल्लेखच नाही म्हणून विचारते, त्यांची पण मीटिंग होती का? अशा सकाळी कोण घरी थांबणार हे आदल्या दिवशी नाही, सीझन सुरू व्हायच्या आधी ठरवून टाका. सकाळी साडेसहाला थर्मामीटर हातात घेऊन ठरवायला बसलात तर निर्णय मीटिंगच्या बाजूनेच लागणार.

प्रश्न: फ्लूसाठी आमच्या शाळेने काही बाकी ठेवलेलं नाही. गेटवर थर्मल गन, प्रत्येक वर्गाबाहेर सॅनिटायझर, रोज शाळा सुटल्यावर मशीनने जंतुनाशकाची फवारणी, बाकं दिवसातून दोनदा पुसतो. तरी एका वर्गात ४२ पैकी १४ मुलं गैरहजर आहेत. पालक म्हणतात फवारणी दोन वेळा करा. अजून काय करावं?
— एक मुख्याध्यापक

उत्तर: सर, दोन वेळा नको, जी एकदा करताय ती पण थांबवा. रागावू नका, ऐकून घ्या.

फ्लू मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो, खोकला, शिंक, बोलणं, श्वास. मोठे थेंब जवळच्या माणसावर पडतात, बारीक कण बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. वस्तूंवरून पण जातो, नाही असं नाही. स्टील, प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत जागेवर हा व्हायरस २४ ते ४८ तास टिकलेला दिसलाय, कापड-कागदावर ८ ते १२ तास, आणि हातावर मात्र जेमतेम पाच मिनिटं. आता तुम्ही रात्रभरासाठी सगळं निर्जंतुक केलंत आणि सकाळी आठला पहिलं शिंकणारं मूल आत आलं की हिशोब परत शून्यावर. फवारणीचा वास येतो, मशीनचा आवाज येतो, फोटो छान येतो, त्यामुळे पालकांना काहीतरी चाललंय असं वाटतं, बाकी दम्याच्या मुलांना त्या वासाचा त्रासच. दाराची हँडलं, नळ, सगळ्यांच्या हातातून फिरणारे टॅब, खेळणी, एवढं रोजच्या साबणाच्या पाण्याने पुसलंत तरी पुष्कळ झालं.

थर्मल गनचं तर वरच्या आईंचं पत्र वाचा. ज्याला उद्या ताप येणार आहे तो आज गनखालून आरामात जातो आणि ज्याला सकाळी औषध पाजलंय तो पण जातो. मग उरलं कोण?

आता हवा. तुमच्या वर्गात ४२ मुलं आहेत, खिडक्या किती आणि त्यातल्या उघडतात किती हे तुम्ही लिहिलं नाहीये आणि मला तेच हवं होतं. समोरासमोरच्या खिडक्या किंवा एक खिडकी आणि एक दार उघडं राहिलं की हवा आरपार जाते. नुसता पंखा तीच हवा घुसळतो, ताजी आणत नाही. शंका असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर मिळतं ते एक आणून वर्गावर्गात फिरवा, बाहेरच्या हवेत आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो, वर्गात तो ८०० च्या आसपास राहिला तर छान, सतत हजाराच्या वर जात असेल तर मुलं एकमेकांनी सोडलेला श्वासच आत घेतायत असं समजा. विज्ञानाच्या सरांच्या हातात द्या ते मीटर, मुलांचा प्रकल्पही होऊन जाईल. थंडीत आणि पावसात आपण खिडक्या लावून घेतो आणि फ्लूचे सीझन पण बरोबर तेच, थंड देशांत हिवाळा, उष्ण पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी पावसाळा. थंड कोरड्या हवेत हा व्हायरस जास्त चांगला पसरतो हे २००७ साली गिनीपिगवरच्या प्रयोगात दाखवलं गेलंय. बाहेरची हवा आपल्या हातात नाही, पण खिडकीची कडी आहे.

पण सर, मला खरं बोलायचंय ते तुमच्या लेटरहेडबद्दल. पत्राच्या तळाशी छापलंय, "शंभर टक्के उपस्थितीची परंपरा". वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांना तुम्ही बक्षीस देता, बरोबर? स्टेजवर बोलावून? म्हणजे ताप असताना शाळेत यायचं आम्ही बक्षीस देऊ, असं तुम्ही मुलांना जाहीर सांगताय. १०१ ताप घेऊन आलेला मुलगा तुमच्या दृष्टीने शूर आणि घरी थांबलेला मुलगा बुडवणारा. मी दवाखान्यात रोज ऐकते, डॉक्टर काहीही द्या, उद्या युनिट टेस्ट आहे, चुकवली तर शून्य लागतो. तुमची सगळी बाटल्या-मशीनं एका बाजूला आणि ती एक युनिट टेस्ट एका बाजूला ठेवली तर टेस्टचं पारडं जड.

म्हणून पैसे न लागणारी कामं आधी करा. बक्षीस बंद, किंवा आजारपणाच्या सुट्ट्या त्यातून वगळा. आजारी मुलाची टेस्ट नंतर घ्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट न मागता, कारण सर्टिफिकेट मागितलं की सर्दीतापाची सगळी मुलं माझ्या वेटिंग रूममध्ये दाटीवाटीने बसून एकमेकांना अजून दोन आजार देतात. अभ्यास घरी पाठवायची काहीतरी सोय करा. आणि शिक्षकांचं काय? त्यांना ताप आला तर बदली शिक्षक असतो का, की तीन वर्ग एकत्र बसवायला लागतात म्हणून त्या पण गोळी घेऊन येतात? शिक्षिका खोकत फळ्यासमोर उभी असताना मुलांना "आजारी असाल तर घरी थांबा" सांगून काय उपयोग.

मधेच कुणाला ताप आला तर बसवायला एक खोली हवी, खिडकीवाली, ऑफिसच्या बाकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधे नको. मुलाला झेपत असेल तर मास्क, आणि सोबत कुणीतरी मोठं, एकटं बसवलं की पोरं घाबरतात. शिवाय वर्गशिक्षकांना सांगून ठेवा, हजेरीपटावर एकाच वर्गातली तीन-चार मुलं एकाच आठवड्यात तापाने गैरहजर दिसली की लगेच कळवा. १४ पर्यंत आकडा जायच्या आधी तो ४ होता आणि तेव्हा त्या वर्गाच्या पालकांना एक साधा मेसेज गेला असता तर बऱ्याच सकाळी वेगळ्या गेल्या असत्या.

प्रश्न: मी पहिलीला शिकवते. मुलांना कितीही सांगितलं तरी तळहातात शिंकतात आणि तोच हात मला "टीचर" म्हणून लावतात. हात धुवायला पाठवावं तर साबण शिपाईकाकांच्या कपाटात कुलपात, कारण मुलं साबण वाया घालवतात. सॅनिटायझर आहे, तो पुरेसा आहे का?
— वर्गशिक्षिका

उत्तर: कुलपातला साबण! हे मी एका शाळेत स्वतः पाहिलंय, तपासणीच्या दिवशी नळावर नवाकोरा साबण, कागद पण नीट निघालेला नाही. टीचर, साबण वाया गेला तर जाऊ दे, वाया जायलाच तो नळावर ठेवायचा असतो. वड्या गटारात जातात ही काळजी असेल तर बाटलीत पातळ करून ठेवा किंवा जाळीत बांधून टांगा.

फ्लूच्या व्हायरसवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते आवरण फोडतो आणि व्हायरस निकामी होतो. त्यासाठी घासायला २० सेकंद तरी हवेत, मुलांना सेकंद कळत नाहीत पण २० चे आकडे दोनदा मोठ्याने म्हणायला आवडतात, एकाने म्हणायचं बाकीच्यांनी घासायचं. सॅनिटायझर निदान ६० टक्के अल्कोहोलचा असेल तर चालतो, पण पहिलीतल्या मुलाच्या हातावर जे असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, शेंबूड ओला असेल किंवा हात मातीने भरला असेल तर सॅनिटायझर आतपर्यंत पोचतच नाही. तिथे साबण-पाणीच. नाक शिंकरल्यावर आणि डबा खायच्या आधी, या दोन वेळा सांभाळल्यात तरी माझ्याकडून तुम्हाला पैकीच्या पैकी.

शिंकेचं म्हणाल तर "हात लावू नका" हे सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, कारण त्याला काय करायचं नाही ते कळलं, काय करायचं ते नाही कळलं. कोपर दाखवा. कोपराच्या आतल्या बाजूला तोंड खुपसून शिंकायचं, त्या कोपराला काहीतरी नाव द्या, शिंकेचा खिसा म्हणा वाटलं तर. आणि तुम्ही स्वतः तसंच शिंका, मुलं ऐकतात कमी आणि बघतात जास्त. माझ्या दवाखान्यात चार वर्षांची एक मुलगी तिच्या बाबांना ओरडली होती, "कोपर, बाबा, कोपर!" बाबा ओशाळले, मला फार बरं वाटलं.

प्रश्न: वय ७१, घरात दोन नातवंडं शाळेत जाणारी. दरवर्षी ती शाळेतून काहीतरी घेऊन येतात आणि आठ दिवसांनी मी झोपतो. सून म्हणते सगळ्यांनी फ्लूची लस घ्या. माझा मित्र म्हणतो लस घेतली आणि त्यालाच फ्लू झाला. आणि दरवर्षी घ्यायची म्हणजे ती लस कसली?
— एक आजोबा

उत्तर: आजोबा, सुनेचं ऐका. तुमचे प्रश्न मात्र रास्त आहेत.

दरवर्षी का, तर हा व्हायरस कपडे बदलत राहतो, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं थोडी थोडी बदलतात आणि गेल्या वर्षी शिकलेलं आपलं शरीर त्याला नीट ओळखत नाही. शिवाय लसीचं संरक्षण महिन्यागणिक कमी पण होतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, येत्या सीझनच्या लसीत कुठले प्रकार घालायचे ते सुचवते. अंदाज कधी छान जुळतो, कधी कमी. छान जुळला त्या वर्षी डॉक्टरकडे जायला लावणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. शंभर नाही, ते मी सांगणार पण नाही. पण लस घेऊन फ्लू झालाच तर तो सहसा हलका जातो, आणि तुमच्या वयात न्यूमोनियापर्यंत मजल न जाणं हीच मोठी गोष्ट.

मित्राचं काय झालं असेल? इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतो, तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. हात दुखतो, एखाद दिवस कसकस वाटते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या मधल्या दिवसांत त्यांना दुसरीकडून लागण झाली असेल, नाहीतर तो फ्लू नसून दुसराच कुठला सर्दीचा व्हायरस असेल, ते तर डझनांनी आहेत. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी घ्यायची, घरात एकजण खोकायला लागल्यावर नाही. मुलांना सहा महिन्यांपासून देता येते, नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर दोन डोस, मधे निदान चार आठवडे. नाकात मारायचा स्प्रे पण असतो, दोन वर्षांपुढे, त्यात कमजोर केलेला जिवंत व्हायरस असतो, तो सगळ्यांना चालत नाही, तुम्हाला तर नाहीच, ते डॉक्टर ठरवतील.

आणि तुमच्यासाठी एक गोष्ट जपानची. तिथे १९६२ पासून शाळेतल्या मुलांना फ्लूची लस द्यायचा कार्यक्रम होता, १९७७ मध्ये कायद्याने सक्तीचा केला, १९८७ मध्ये पालकांना नकार द्यायची मुभा दिली, १९९४ मध्ये बंद केला. बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की याचा काही फायदा दिसत नाही. पुढे २००१ साली संशोधकांनी मृत्यूंचे आकडे लावून पाहिले, तर कार्यक्रम चालू असताना हिवाळ्यातले जादा मृत्यू घटले होते आणि बंद झाल्यावर परत वाढले होते, आणि ते मृत्यू मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचे. त्यांच्या अंदाजाने दर ४२० मुलांच्या लसीमागे एक मृत्यू टळत होता. लस नातवंडांच्या दंडात आणि जीव वाचतोय आजोबांचा! कारण मुलांमध्ये फ्लूचं प्रमाण मोठ्यांच्या दुपटीहून जास्त असतं, जागतिक अंदाज असा की वर्षाला २० ते ३० टक्के मुलं आणि ५ ते १० टक्के मोठी माणसं. तुम्ही "नातवंडं घेऊन येतात" लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर आहे.

प्रश्न: आमच्या क्लासच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्ध पेटलंय. पहिल्यांदा कोणाच्या मुलाने फ्लू आणला त्याचं नाव सांगा म्हणून काहीजण टीचरच्या मागे लागलेत, काहीजण म्हणतात शाळाच पंधरा दिवस बंद करा. मी ॲडमिन आहे, काय करू?
— त्रासलेली ॲडमिन

उत्तर: नाव अजिबात बाहेर पडू देऊ नका. एक तर कुणी आणला हे सांगताच येत नाही, मी वर लिहिलं तसं एक दिवस आधीपासून पसरतो, शिवाय काही मुलांना लागण होऊन जवळजवळ काहीच लक्षणं नसतात, त्यामुळे ज्याला पहिला ताप आला तो पहिलाच असेल असं नाही. दुसरं, एका मुलाचं नाव जाहीर केलंत की पुढच्या वेळी कुठलाच पालक खरं सांगणार नाही. "पोट दुखत होतं" म्हणून चिठ्ठी येईल आणि शाळेला कळायचा एकमेव रस्ता बंद. ग्रुपवर एवढंच टाका की वर्गात तापाची मुलं आहेत, ताप असेल तर घरी ठेवा, काय शिकवलं ते ग्रुपवर मिळेल. आणि वह्यांचे फोटो टाकायची जबाबदारी जो जास्त भांडतोय त्याला द्या.

शाळा बंद करण्याबद्दल, साध्या सीझनल फ्लूसाठी त्याचा फायदा कमी आणि त्रास जास्त. वर्गात बरीच मुलं पडल्यावर बंद केली तर व्हायरस आधीच फिरून झालेला असतो, आणि घरी बसवलेली मुलं काही घरी बसत नाहीत, ती खाली एकत्र खेळतात, क्लासला जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे पाठवली जातात, म्हणजे नेमकं जिथे नको तिथेच. १९१८ च्या भयंकर साथीत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागोने चालू ठेवल्या, मुलं घराच्या कोंदट खोल्यांपेक्षा शाळेत डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली बरी असा त्यांचा विचार होता. तो बरोबर की चूक यावर अजून वाद घालतात लोक. नवा, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेला प्रकार आला तर लवकर शाळा बंद करून साथीचा वेग कमी करता येतो, ते वेगळं प्रकरण, ते आरोग्य खातं ठरवतं, आपला ग्रुप नाही.

प्रश्न: पीटीचा शिक्षक आहे. चौथीतला एक मुलगा फ्लूतून उठून शाळेत आला आणि आता म्हणतो पोटऱ्या दुखतात, चालताच येत नाही, चवड्यांवर चालतो. खेळाचा तास चुकवायचा बहाणा आहे का?
— क्रीडाशिक्षक

उत्तर: नाही सर, हा बहाणा नाही, आणि विचारलंत हे फार बरं केलंत. फ्लूतून उठताना, विशेषतः बी प्रकारच्या फ्लूत, शाळेतल्या वयाच्या मुलांच्या पोटऱ्यांचे स्नायू सुजतात, ताप उतरत आला की अचानक मूल चालायला नकार देतं. मुलग्यांत जास्त दिसतं. आराम आणि पाणी, बहुतेकदा आठवड्याच्या आत बरं होतं. पण एकदा डॉक्टरना दाखवाच, आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर त्याच दिवशी, कारण ते किडनीवर येऊ शकतं. फ्लूतून उठलेल्या कुठल्याच मुलाला पहिल्याच दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका हो, हळूहळू आणा.

हे पत्र शिक्षक वाचत असतील म्हणून इथेच सांगून टाकते. श्वास जोरात चाललाय, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जातेय, ओठ निळसर, मूल गुंगीत किंवा नीट ओळखत नाही, झटका आला, आठ तास लघवी नाही, छातीत दुखतंय, किंवा ताप-खोकला बरा होऊन परत जोरात उसळला, यातलं काहीही असेल तर पालक येईपर्यंत वाट बघत बसू नका, फोन करत करतच हॉस्पिटल गाठा. दमा, मधुमेह, हृदयाचा आजार असलेल्या मुलांना तर ताप आला त्याच दिवशी डॉक्टर, कारण फ्लूविरुद्धचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, उरलेली गोळी शोधून देऊ नका. आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ॲस्पिरिन असेल तर काढून टाका, फ्लू असलेल्या मुलाला ॲस्पिरिन दिलं तर मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम करणारा एक आजार होऊ शकतो, दुर्मिळ आहे पण फार वाईट.

प्रश्न: मी स्कूल बसवर असते. मुलं एकमेकांवर खोकतात, काचा उघडल्या की पालक म्हणतात वारा लागून आजारी पडतील. काय करू?
— बसवरच्या ताई

उत्तर: ताई, काचा उघड्याच ठेवा, निदान पुढची एक आणि मागची एक, म्हणजे हवा खेळती राहील. वाऱ्याने फ्लू होत नाही, व्हायरसने होतो. खोकणाऱ्या मुलाला उघड्या खिडकीशी बसवा. आणि तुम्ही आणि ड्रायव्हरकाका गर्दीच्या आठवड्यांत मास्क लावा, तुमच्याजवळून तर रोज सगळीच मुलं जातात, लस पण घ्या, तुमच्याबद्दल कुणी विचारच करत नाही.

प्रश्न: शाळेत उलट्या-जुलाबाची साथ आहे, सगळे "पोटाचा फ्लू" म्हणतात. फ्लूची लस घेऊन चालेल का?

उत्तर: नाही. नावात फ्लू आहे तेवढंच. तो बहुतेकदा नोरोव्हायरससारख्या वेगळ्याच व्हायरसने होतो, त्याच्यावर फ्लूची लस चालत नाही आणि सॅनिटायझरही फारसा चालत नाही, साबणाने हात धुणं हाच उपाय, आणि उलट्या थांबल्यावर दोन दिवस घरी.

प्रश्न: मी सातवीत आहे. मी पहिलीपासून एकही दिवस शाळा चुकवली नाही, सहा बॅजेस आहेत, आमच्या शाळेत माझाच रेकॉर्ड आहे. आज मला १०२ ताप आहे. आईला सांगितलं नाहीये अजून, उद्या सकाळी कमी होईल. मास्क लावून शेवटच्या बाकावर बसलो तर चालेल का? प्लीज लवकर उत्तर द्या.

उत्तर: तुझं पत्र आलं त्याच दिवशी तू दिलेल्या पत्त्यावर उत्तर पाठवलं, तेच तुझं नाव काढून इथे छापतेय, कारण तू एकटा नाहीयेस.

अरे, चालणार नाही. मास्कने कमी पसरेल, थांबणार नाही, आणि डबा खाताना तो काढशीलच ना. सहा बॅजेस कमावलेत, भारी आहे, ते कुणी परत घेणार नाही. पण शेवटच्या बाकावर तुझ्या शेजारी जो बसेल त्याला घरी लहान बहीण असेल, आजी असेल, तुला ते माहीत पण नसेल. रेकॉर्ड मोडतोय म्हणून रडू आलं तर रड थोडं, मला सुद्धा आलं असतं तुझ्या वयात.

तुमच्या मुख्याध्यापकांना मी पत्र लिहायला तयार आहे की आजारपणाची सुट्टी मोजू नका. एका मुख्याध्यापकांना वर तेच लिहिलंय, ते तुमचेच असतील का माहीत नाही, असले तर बरंच.

आता उठ आणि आईला सांग. उद्या सकाळी नाही, आत्ता. मग पाणी पी आणि झोप.